गावाला बागेसाठी जमीन देताय? मग दस्त असा करा

बागेसाठी जमीन द्यायला येणाऱ्या माणसाच्या डोक्यात बाग आधीच तयार असते. बाकं कुठे, पारिजातक कुठे, फाटकावर आईचं नाव कोणत्या अक्षरात, सगळं ठरलेलं. दस्ताचं विचारलं की उत्तर येतं, “ते तुम्ही लिहा हो, नेहमीचं बक्षीसपत्र.” नेहमीचं बक्षीसपत्र म्हणजे बाप मुलाला फ्लॅट देताना करतो ते. त्या नमुन्यावर पालिकेला जमीन दिली की पालिका तिची पूर्ण मालक होते, आणि तिथे पुढे काय उभं राहायचं ते त्या त्या वेळच्या सभागृहाच्या हातात जातं. मी तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधक कार्यालयासमोर दस्तलेखनाचं काम करते. हे काम वडिलांपासून आमच्या घरात आहे, आणि बागेसाठी दिलेल्या जमिनींचं पुढे काय होतं ते मी जवळून बघत आले आहे. म्हणून हे सविस्तर लिहिते. वकील तुम्हाला लागेलच, पण वकिलाकडे जाताना काय मागायचं ते तुम्हाला माहीत असावं.

एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा. बागा बहुतेक वेळा चांगल्या कामांसाठीच जातात. वाचनालय, व्यायामशाळा, समाजमंदिर, अंगणवाडी, पाण्याची टाकी, पोलीस चौकी. यातल्या एकालाही नाही म्हणायला कोणाची जीभ उचलत नाही. गावात मोकळी, वादात नसलेली, फुकटची जागा एकच असते, ती म्हणजे बाग. आमच्या गावात एका बाईंनी दिलेल्या जागेत आधी कोपऱ्यात टाकी आली, मग टाकीला पंपघर, पंपघराला रस्ता, रस्त्याकडेला चार गाळे. प्रत्येक ठराव एकमताने झाला. त्यांच्या दस्तात “सार्वजनिक कामासाठी” असे शब्द होते, आणि टाकी हे सार्वजनिक कामच होतं.

आधी जमीन देण्याजोगी आहे का ते बघा

जमीन गावठाणात किंवा सिटी सर्व्हेच्या हद्दीत असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा, बाहेर असेल तर सातबारा आणि जुने फेरफार. सातबाऱ्यावर “भोगवटादार वर्ग २” असेल, किंवा कूळ कायद्याच्या कलम ४३चा शेरा असेल, तर ती जमीन दान द्यायलाही आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागू शकते, ते तपासून घ्या. जमीन अजून शेतीची असेल तर आणखी एक प्रश्न येतो. पालिका शेतकरी नाही, त्यामुळे कूळ कायद्याच्याच कलम ६३ची परवानगी लागते का ते तहसील कार्यालयातून लेखी घेऊन ठेवा. “इतर अधिकार” या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर कर्ज फेडलेलं असलं तरी तो आधी कमी करून घ्या. बोजा तसाच राहिलेली जमीन पालिकेच्या नावावर करताना पुढे प्रत्येक टेबलावर अडते.

आता घरातली माणसं. जमीन वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. लग्न होऊन गेलेल्या बहिणींना “त्या काही म्हणणार नाहीत” असं गृहीत धरून दस्त करू नका. त्या खरोखर काही म्हणत नाहीत, पण पुढे त्यांची मुलं म्हणतात. नुसतं संमतीपत्र जोडण्यापेक्षा ज्यांचा ज्यांचा हिस्सा आहे त्या सगळ्यांनी “लिहून देणार” म्हणून दस्तावर सह्या कराव्यात, आणि प्रत्येकीचं नाव दस्तात यावं. दान त्यांचंही आहे. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, वारसाचा हिस्सा असेल तर तिथे थांबा. तो हिस्सा कायदेशीर वाटपाने वेगळा निघाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मोजणी सरकारी करून घ्या आणि मोजणी नकाशाची “क” प्रत दस्ताला जोडा. बागेच्या जमिनीत मी एक गोष्ट वारंवार बघते. मालक मागची जागा देतो, पुढची स्वतःला ठेवतो, आणि बागेत जायचा रस्ता दस्तात लिहिलेलाच नसतो. आज तुम्ही आहात म्हणून लोक तुमच्या अंगणातून जातील. उद्या तुमचा मुलगा पुढची जागा विकेल, घेणारा भिंत घालेल आणि बाग बंद होईल. रस्त्याची रुंदी, लांबी आणि तो कायमचा आहे हे नकाशात दाखवून दस्तात लिहा. विहीर असेल तर तिचा स्वतंत्र उल्लेख करा आणि तिचं पाणी आधी बागेला हेही लिहा. पाणी नसलेली बाग दोन उन्हाळ्यांत पडीक होते, आणि पडीक जागेवर इमारत सुचवणं सगळ्यांनाच सोपं जातं.

झाडांची यादी परिशिष्टात द्या. चिंच किती, आंबे किती, बुंध्याचा घेर किती, नकाशावर कुठे. झाडं तोडायला १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे पालिका क्षेत्रात परवानगी लागतेच, पण परवानगी देणारी यंत्रणाही पालिकेचीच असते. मूळ दस्तात झाड नोंदलेलं असलं की “इथे झाड नव्हतंच” असं कोणाला म्हणता येत नाही.

ठराव दस्ताच्या आधी, आणि दस्ताच्याच शब्दांत

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १२२ प्रमाणे दान घेणाऱ्याने ते स्वीकारलं तरच पुरं होतं, आणि स्वीकार देणाऱ्याच्या हयातीत व्हावा लागतो. पालिका म्हणजे एक माणूस नव्हे. नगराध्यक्षांनी सत्कारात शाल घातली म्हणजे स्वीकार झाला असं होत नाही. सर्वसाधारण सभेचा ठराव हवा, आणि त्या ठरावाने मुख्याधिकाऱ्यांना दस्तावर सही करायचा अधिकार दिलेला हवा.

क्रम असा ठेवा. आधी दस्ताचा मसुदा अटींसकट तयार करा. तो अर्जासोबत पालिकेत द्या आणि पोच घ्या. ठरावात “अमुक यांनी देऊ केलेली जागा स्वीकारण्यास मंजुरी” एवढंच येऊ देऊ नका. “सोबतच्या मसुद्यातील सर्व अटींसह” हे शब्द हवेत, आणि अटींचा पूर्ण मजकूर ठरावाच्या खाली उतरवलेला हवा. पालिकेत प्रशासक असेल तर ठराव प्रशासकाचा असेल, त्याने बिघडत नाही. मजकूर मात्र तोच हवा. ठरावाची प्रमाणित प्रत हातात येईपर्यंत दस्ताला तारीख देऊ नका.

या टप्प्यावर पालिकेचा अभियंता किंवा एखादा सदस्य सांगेल की अटी काढा, मग लवकर होईल. बाकीच्या सवलती द्या, उपयोगाची अट सोडू नका. माणसं इथे नावावरून भांडतात आणि उपयोगाचं सोडून देतात. फाटकावरच्या नावाला पालिकेची कधीच ना नसते, कारण त्याला काही खर्च येत नाही.

अटी कशा लिहायच्या

थोड्या अटी, पण पक्क्या. गुलाब देशीच असावेत, कारंजं गुरुवारी चालावं, अमक्या दिवशी प्रसाद वाटावा, असल्या गोष्टी विनंती म्हणून वेगळ्या पत्रात द्या. दस्तात वीस अटी घातल्या की त्यातल्या पाच पहिल्या वर्षीच मोडतात, आणि मग सगळ्याच अटी कागदावरच्या म्हणून सोडून दिल्या जातात.

“पालिकेने ही जमीन कधीही कोणालाही विकू नये” एवढंच वाक्य लिहून निश्चिंत होऊ नका. हस्तांतरणावर सरसकट बंदी घालणारी अट मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्याच कलम १० प्रमाणे रद्द ठरू शकते, आणि ती रद्द ठरली की जमीन राहते, बंधन जातं. त्याऐवजी जमीन कशासाठी आणि कोणाच्या वतीने धरायची ते लिहा. मी लिहिते तो परिच्छेद साधारण असा असतो:

“सदर मिळकत नगरपरिषदेने शहरातील सर्व रहिवाशांच्या वापराकरिता सार्वजनिक उद्यान म्हणून, नागरिकांच्या वतीने विश्वस्त या नात्याने धारण करावयाची आहे. उद्यानाच्या देखभालीस आवश्यक अशी पहारेकऱ्याची खोली, अवजारांची खोली व स्वच्छतागृह एवढेच बांधकाम करता येईल, व अशा सर्व बांधकामाचे एकूण क्षेत्र मिळकतीच्या क्षेत्राच्या शंभरात दोन भागांपेक्षा अधिक असणार नाही. याव्यतिरिक्त कोणतेही तात्पुरते वा कायम बांधकाम, मग ते सार्वजनिक हिताचे असले तरी, या मिळकतीत करता येणार नाही.”

यातला प्रत्येक तुकडा कशासाठी आहे ते सांगते. “विश्वस्त या नात्याने” म्हटल्यावर पालिका स्वतःच्या इतर मालमत्तेसारखी ही जागा वापरू शकत नाही. “एवढेच” या शब्दाने यादी बंद होते. “इत्यादी” हा शब्द दस्तात कुठेही येऊ देऊ नका, सगळे गाळे त्याच दारातून आत येतात. शंभरात दोन भाग म्हणजे एकरभर जागेत सुमारे ८० चौरस मीटर. पहारेकरी, अवजारं आणि संडास-बाथरूमला ते पुरतं. “तात्पुरते” हा शब्द मांडवांसाठी आणि पत्र्याच्या शेडसाठी. आणि “मग ते सार्वजनिक हिताचे असले तरी” हे शब्द कोणी कितीही खोडायला सांगितले तरी ठेवा. वर सांगितलेल्या त्या बाईंच्या दस्तात ते असते तर टाकीची जागा दुसरीकडे शोधली गेली असती. पाण्याच्या टाकीला गावात दुसरी जागा मिळते, पालिकेला त्यासाठी थोडं हिंडावं लागतं इतकंच.

याच्या जोडीला वापराच्या चार ओळी. प्रवेश विनामूल्य. लग्नं, वाढदिवस, प्रदर्शनं, फटाक्यांचे स्टॉल, प्रचारसभा यांना जागा भाड्याने द्यायची नाही. गावाचा एखादा ठरलेला कार्यक्रम चालू द्यायचा असेल तर वर्षातले किती दिवस ते आकड्यात लिहा. वाहनतळ नाही, जमिनीखालीही नाही. हे जमिनीखालचं मुद्दाम लिहा. लखनौच्या अमीनाबादमधल्या झंडेवाला पार्कखाली महापालिकेने बिल्डरशी करार करून भूमिगत बाजार बांधायला दिला होता. वर बाग राहीलच की, असं त्यात सांगता येतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली ते बांधकाम काढून बाग पूर्ववत करायला लावली, पण तोपर्यंत जमीन खणून झाली होती.

काम सुरू करायची मुदतही घाला. ताबा दिल्यापासून अमुक वर्षांत कुंपण, पाणी, रस्ता आणि लागवड. मुदत नसली की जागा तशीच पडून राहते आणि पहिलं अतिक्रमण पालिकेच्याच कचऱ्याच्या गाड्यांचं होतं.

“आमच्या समाजासाठी” असं लिहायला सांगाल तर

ते मी लिहीत नाही, आणि तुम्हीही लिहून घेऊ नका. राज्यघटनेच्या कलम १५(२) प्रमाणे सार्वजनिक वापराच्या ठिकाणी धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणाला अडवता येत नाही. असली अट नुसती निकामी ठरून थांबत नाही, अख्खं दान संकटात आणू शकते.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या मेकन शहरात हे घडलेलं आहे. ऑगस्टस बेकन नावाच्या सिनेटरने १९११ च्या मृत्युपत्राने शहराला बागेसाठी मोठी जमीन ठेवली, अट अशी की बाग फक्त गोऱ्यांसाठी. बेकन १९१४ साली गेला. बेकन्सफील्ड नावाची ती बाग अनेक वर्षं चालली. मग काळ्या नागरिकांनी दाद मागितली आणि १९६६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही बाग वंशभेदाने चालवता येणार नाही. त्यावर जॉर्जियाच्या न्यायालयांनी म्हटलं, देणाऱ्याचा हेतूच आता पुरा होऊ शकत नाही, तेव्हा दान संपलं. १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने हे कायम केलं. जमीन वारसांकडे परत गेली, बाग कोणाचीच उरली नाही, आणि त्या जागेवर पुढे दुकानं आली. ज्या मुलांना आत येऊ द्यावं एवढंच मागणं होतं त्यांना बाग मिळाली नाही, आणि बाकीच्यांचीही गेली.

आपल्याकडे तर हे शिकायला लांब जायला नको. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव केला होता. तरी १९२७ साली डॉ. आंबेडकरांना तिथे सत्याग्रह करावा लागला, आणि हायकोर्टाचा शेवटचा निकाल यायला १९३७ उजाडलं. म्हणून दस्तात “सर्व रहिवासी” यावर न थांबता “जात, धर्म, लिंग, वय अथवा आर्थिक स्थिती यांवरून कोणासही प्रवेश नाकारता येणार नाही” हे मी स्वतंत्र कलम म्हणून घालते. आजच्या बागांत हे कलम जास्त करून हातगाडीवाल्यांच्या, बांधकामावरच्या मजुरांच्या पोरांसाठी उपयोगी पडतं. झोपाळ्यावरून त्यांना हुसकावणारा पहारेकरी मी पाहिला आहे.

अट मोडली तर जमीन कोणाकडे

पुष्कळ दस्त हे लिहीतच नाहीत. जे लिहितात ते बहुतेक “जमीन माझ्या वारसांकडे परत यावी” असं लिहितात. माझा याला ठाम विरोध आहे.

एक काका मुलीला घेऊन आले होते. म्हणाले, “ताई, पालिकेने बदमाशी केली तर निदान नातवंडांना तरी मिळू दे.” मी त्यांना विचारलं, आज ही जागा काय भावाची? गावाबाहेरची, ओढ्याकाठची. आणि अजून तीस वर्षांनी? तेव्हा बाजारपेठ तिथपर्यंत आलेली असेल. त्या दिवशी अट मोडली तर जमीन तुमच्या नातवंडांची होणार, म्हणजे अट मोडण्यात फायदा कोणाचा? नातवंडं वाईट असतील असं मी म्हणत नाही. पण ती पुण्यात नाहीतर परदेशात असतील, बाग त्यांनी पाहिलेली नसेल, आणि एखादा विकासक त्यांच्याकडे जाऊन सांगेल की पालिकेला एक गाळा काढू द्या, मग तुम्ही दावा लावा, पुढचं आम्ही बघतो. ज्याने बाग राखायची त्यालाच बाग मोडल्यावर पैसे मिळतात, अशी व्यवस्था आपण स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. काकांची मुलगीच आधी म्हणाली, “बाबा, नको.”

शिवाय पिढ्यान्‌पिढ्यांनंतर खासगी वारसाला हक्क देणारी अट मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १४च्या चिरकालाच्या नियमाला अडखळते, म्हणजे मालमत्तेचा हक्क असा बेमुदत लांबणीवर ठेवता येत नाही. सार्वजनिक हितासाठीच्या हस्तांतरणाला मात्र कलम १८ त्या नियमातून सूट देतं. म्हणून भंग झाल्यावर जमीन दुसऱ्या सार्वजनिक संस्थेकडे, त्याच अटींसह जावी, असं लिहायचं. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला सार्वजनिक न्यास हा त्यातला चांगला पर्याय आहे. अशा न्यासाला स्थावर मालमत्ता विकायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. म्हणजे तिथेही एक कुलूप आहे.

एकदम जमीन काढून घेणारी अटही नको. आधी लेखी नोटीस, मग दुरुस्तीसाठी सहा महिने, आणि त्यानंतरही भंग चालू राहिला तरच हक्क जाईल, अशी पायरी ठेवा. नोटीस द्यायचा अधिकार कोणाला ते नावाने नाही तर पदाने लिहा. देणारा हयात असेपर्यंत देणारा, नंतर तो न्यास, आणि त्याशिवाय शहरातले कोणतेही दहा मतदार. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. दाद कोणी मागायची यावरच पुष्कळ चांगले दावे अडकतात.

आणि “मला योग्य वाटेल तेव्हा मी जमीन परत घेईन” हे मात्र लिहू नका. देणाऱ्याच्या निव्वळ मर्जीवर रद्द होणारं दान मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे रद्दबातल असतं. रद्द होण्याची घटना दस्तात ठरलेली हवी आणि ती तुमच्या मर्जीबाहेरची हवी.

काही जण म्हणतात, मग पालिकेला द्यायचंच कशाला, न्यासालाच देतो. द्या, कायद्याची आडकाठी नाही. पण न्यासाचे विश्वस्त म्हातारे होतात, नवे नेमले जात नाहीत, विश्वस्त बदलल्याचे अर्ज दाखल होत नाहीत, आणि एक दिवस त्या बागेच्या पाणीपट्टीवर सही करायलाही कोणी राहत नाही. पालिका चुकते, पण टिकते. तिच्याकडे माळी असतात, टँकर असतो, दिवाबत्ती असते. म्हणून मालकी पालिकेकडे आणि अटींची राखण न्यासाकडे, ही विभागणी मला सगळ्यात भरवशाची वाटते.

पैसे

जमिनीबरोबर काही रक्कम देणार असाल तर ती पालिकेच्या सर्वसाधारण निधीत भरू नका. न्यासाच्या नावे मुदत ठेव ठेवा, व्याजातून झाडं, बाकांची दुरुस्ती, माळ्याचा वरखर्च. पालिकेच्या अर्थसंकल्पात या बागेचं स्वतंत्र लेखाशीर्ष असावं, ही अट दस्तात जरूर घाला. दरवर्षी त्या ओळीसमोर किती रक्कम आहे ते बघितलं की बागेचं काय चाललंय ते बागेत न जाताही कळतं.

मुद्रांक शुल्क किती, माफी बसते का, हे अंदाजाने ठरवू नका. मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३१ खाली अभिनिर्णयासाठी द्या, ते लेखी सांगतात. प्राप्तिकरातली देणगीची वजावट पैशांच्या देणगीला मिळते, जमिनीला मिळत नाही. तेवढ्यासाठी जमीन देत असाल तर आधीच हिशेब करा.

नोंदणी, आणि त्यानंतरच्या नोंदी

स्थावराचं दान नोंदणीकृत दस्तानेच होतं, देणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदार हवेत. साक्षीदार गावातले, वयाने तरुण घ्या, तीस वर्षांनीही साक्ष देऊ शकतील असे. मुख्याधिकाऱ्यांची सही त्याच दस्तावर, ठरावाचा क्रमांक आणि तारीख घालून.

लोक इथे हार-तुरे आटपून घरी जातात. काम मात्र अजून निम्मं उरलेलं असतं. सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, म्हणजे दस्त नोंदल्याचा उतारा) घेऊन नगर भूमापन कार्यालयात फेरफाराचा अर्ज करा. मिळकत पत्रिकेवर धारक म्हणून पालिकेचं नाव लागेल. ते लागताना “इतर भार” किंवा “इतर शेरे” यात “सार्वजनिक उद्यानासाठी, दस्त क्र. अमुक मधील अटींस अधीन” अशी ओळ मागा. सातबारा असेल तर ही ओळ “इतर अधिकार” मध्ये येते. अर्जात ही मागणी वेगळ्या परिच्छेदात लिहा, नाहीतर नाव तेवढं चढतं. नवा अधिकारी दस्त शोधत बसत नाही, तो पत्रिका बघतो. पत्रिकेवर अट नसेल तर त्याच्यासाठी अट नाही.

दुसरं, विकास योजना. तुमची जागा त्यात कोणत्या विभागात आहे त्याचा झोन दाखला काढा. निवासी दाखवलेली असेल तर पालिकेने महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली फेरबदल करून ती उद्यान म्हणून दाखवावी, हेही त्याच ठरावात घालून घ्या. पण नुसत्या विकास योजनेच्या भरवशावर राहू नका. तिच्यात ज्या कलमाने बाग येते त्याच कलमाने ती जाऊही शकते. योजनेचा नकाशा आणि दस्त, दोन्ही हवेत.

मृत्युपत्राने द्यायची असेल तर

हयातीत देणं मी केव्हाही बरं समजते, कारण अटींवर बोलणी करायला तुम्ही स्वतः असता. तरी राहतं घर किंवा उत्पन्नाची जमीन असेल तर मृत्युपत्रच करावं लागतं. त्यात व्यवस्थापक नेमा, तो वारसांपैकी नको. पालिकेने नाकारलं तर जमीन कोणाकडे जाईल ते लिहा, कारण पालिका नाकारू शकते आणि तुम्ही तेव्हा नसाल. अटींचा मजकूर वरच्यासारखाच पूर्ण लिहा. “माझ्या इच्छेप्रमाणे बाग करावी” यातली इच्छा न्यायालयात कोणी सांगायची? नोंदणी सक्तीची नाही, पण करा.

ज्या गावात अशी बाग आधीच आहे त्यांच्यासाठी

बागेत खड्डे खणायला लागल्यावर कागद शोधू नका, आत्ता शोधा. दानपत्र दुय्यम निबंधकांच्या पुस्तक क्रमांक १ मध्ये नोंदलेलं असतं आणि ते कोणाही माणसाला पाहता येतं, नक्कल मिळते, त्यासाठी तुम्ही वारस असावं लागत नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोध घेता येतो, फार जुना दस्त असेल तर कार्यालयात जाऊन वर्षवार सूची चाळावी लागते. देणाऱ्याचं नाव आणि अंदाजे साल एवढं फाटकावरच्या पाटीवर असतंच. मग पालिकेकडे माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा आणि तीन गोष्टी मागा: स्वीकृतीचा ठराव, त्या जागेची सध्याची मिळकत पत्रिका, आणि त्या जागेबाबत नंतर झालेले सगळे ठराव. ३० दिवसांत उत्तर यायला हवं.

नवा ठराव अटींच्या विरुद्ध दिसला तर लगेच जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. नगरपरिषद अधिनियम, १९६५ च्या कलम ३०८ प्रमाणे त्यांना ठरावाची अंमलबजावणी थांबवता येते, आणि कलम ९२ प्रमाणे पालिकेला स्थावर मालमत्ता शासनाच्या मंजुरीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. विकास योजनेत फेरबदलाची सूचना निघाली असेल तर हरकतीला जेमतेम महिना असतो. हरकत प्रत्येकाने स्वतंत्र, सहीनिशी आणि पोच घेऊन द्यावी. शंभर सह्यांचं एक निवेदन ही एकच हरकत धरली जाते. हरकतीत बंगळुरूच्या प्रकरणाचा उल्लेख करा. तिथल्या सदाशिवनगरमध्ये बागेसाठी राखलेली जागा एका खासगी रुग्णालयाला देण्यात आली होती, आणि रुग्णालय हे चांगलंच काम असूनही १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते जागावाटप रद्द ठरवलं. बंगळुरू मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा असं नाव लिहिलं की वकिलाला लगेच सापडतं.

दस्ताची नक्कल मिळाली की तिच्या तीन प्रमाणित प्रती काढा. एक बागेजवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे, एक गावच्या सार्वजनिक वाचनालयात, एक रोज पहाटे फिरायला येणाऱ्या मंडळींपैकी कोणाकडे तरी. आणि अटींचं ते एक पान मोठ्या अक्षरात, दस्त क्रमांकासह, फाटकाच्या आतल्या बाजूला दगडावर कोरून घ्या. फ्लेक्स लावू नका, तो पावसाळ्यात जातो.